ऐकणाऱ्याचंही रक्षण कर

॥ श्री गणेशाय नमः ॥

आजचा पाठ : गणपती अथर्वशीर्ष, रक्षणाची प्रार्थना
आजचं दर्शन : श्री विशाल गणपती, माळीवाडा, नगर



गेले काही दिवस आपण अथर्वशीर्ष थोडं थोडं करून वाचतोय. आजचा भाग मी लहानपणापासून हजार वेळा तरी म्हटला असेल. पण त्याचा अर्थ मला लागला तो गेल्या संकष्टीला, माळीवाड्याच्या गणपतीच्या रांगेत आईचा हात धरून उभा असताना. म्हणून आज पाठ आणि दर्शन एकत्रच लिहितो. लेख नेहमीपेक्षा लांबलाय, सावकाश वाचा.

आधी पाठ समजून घेऊ

अथर्वशीर्षाच्या सुरुवातीला गणपतीला थेट 'तू' म्हणून हाक आहे. प्रत्यक्ष तत्त्व तूच, करणारा तूच, धारण करणारा तूच, नाहीसं करणाराही तूच, असं तिथे म्हटलंय. एवढं झाल्यावर म्हणणारा स्वतःबद्दल फक्त दोन गोष्टी सांगतो : मी ऋत बोलतोय आणि मी सत्य बोलतोय.

आणि त्यानंतर लगेच मागणं सुरू होतं. 'अव' म्हणजे सांभाळ, रक्षण कर. आपल्याकडे जो पाठ म्हणतात त्यात हा 'अव' तेरा वेळा येतो. पहिले सात माणसांसाठी आहेत. आधी 'मला' सांभाळ. मग वक्ता, म्हणजे बोलणारा. मग श्रोता, म्हणजे ऐकणारा. मग दाता, म्हणजे देणारा. मग धाता, म्हणजे धारण करणारा, जपून ठेवणारा. मग अनूचान, म्हणजे अंगांसह वेद शिकून तो म्हणू शकणारा. आणि शेवटी शिष्य. पुढचे सहा दिशांसाठी : मागून, पुढून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून, वरून आणि खालून. आणि मग सगळ्याची बेरीज : चोहोबाजूंनी मला सांभाळ, सांभाळ.

आपण हे इतक्या वेगात म्हणतो की तेरा 'अव' म्हणजे एक ताल होऊन जातो. सार्वजनिक मंडळात सहस्रावर्तनाला बसलेलं असताना तर विचारूच नका. पण जरा थांबून यादी बघा. बोलणारा, ऐकणारा, देणारा, जपणारा, शिकवणारा, शिकणारा. हे ज्ञान तोंडातून कानात आणि कानातून पुढच्या तोंडात असं आलेलं आहे. छापखाना नव्हता, बॅकअप नव्हता. या साखळीतली एक कडी निखळली की पुढचं सगळं गेलं. म्हणून प्रार्थना प्रत्येक कडीचं नाव घेऊन तिच्यासाठी स्वतंत्र मागणं मागते.

मला नेहमी प्रश्न पडायचा, की वक्त्याचं रक्षण समजू शकतो, कारण मंत्र म्हणताना चूक झाली तर? पण ऐकणाऱ्याचं रक्षण कशाला? त्याला काय धोका आहे? तो तर नुसता बसलाय.

आता माझी गोष्ट

अथर्वशीर्ष मला आईने शिकवलं. तिसरीत असताना. ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्याशेजारी पाटावर. एक ओळ ती, एक ओळ मी. चुकलो की ती लाटणं ओट्यावर टक्कन वाजवायची, म्हणजे परत पहिल्यापासून. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी पुष्कळ पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. हे मात्र राहिलं.

गेल्या दोन वर्षांपासून आई विसरायला लागलीय. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसांची नावं. डॉक्टरांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं, लयीत पाठ केलेलं सगळ्यात जास्त टिकतं. मी पुण्याच्या ऑफिसातून घरून काम करायची परवानगी घेतली आणि सावेडीतल्या आमच्या घरी परत राहायला आलो.

खरी अडचण नावं विसरण्याची नव्हती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आणि आई रोज दुपारी चारच्या सुमारास विचारते, "हे कुठं गेलेत रे?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. "आई, बाबा गेले ना. तीन वर्षं झाली." तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. ती जशी रडली तशी मी तिला खऱ्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा खरं सांगितलं. ती पुन्हा रडली. तिसऱ्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, "बँकेत गेलेत."

मला वाटलं, प्रश्न सुटला. पण ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली. बाबा सहाला यायचे ना. साडेसहा झाले, सात झाले, दिवे लागले. "आज उशीर झाला वाटतं," असं ती तीन-चार वेळा म्हणाली. मी आत लॅपटॉपवर मीटिंगला होतो आणि कानात हेडफोन घालून ते न ऐकल्यासारखं करत होतो.

म्हणजे खरं बोललो तर तिला रोज वैधव्य नव्याने येतंय, खोटं बोललो तर ती रोज वाट बघतेय. आणि सकाळी पूजेला बसलो की माझ्याच तोंडात ती ओळ, मी ऋत बोलतोय, सत्य बोलतोय. काही दिवस तर मी त्या ओळीशी गप्पच राहायचो. आई मोठ्याने म्हणायची, मी ओठ हलवायचो.

माळीवाड्याचा गणपती

नगरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. श्री विशाल गणपती हे नगर शहराचं ग्रामदैवत. मूर्ती साडेअकरा फूट उंच, नावाप्रमाणेच विशाल. जीर्णोद्धार झालेलं मंदिर आज भर वस्तीत, बाजाराच्या आणि माळीवाडा बसस्थानकाच्या गजबजाटात उभं आहे. अनंत चतुर्दशीला शहराच्या विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याच गणपतीचा.

हे शहर मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलं. पुढे मोगल आले. १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, १८०३ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ पंडित नेहरू आणि इतर नेते कैदेत होते. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, कारण अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. राज्यं बदलली, नावं बदलली. आमच्याकडे मात्र लग्नाची पहिली पत्रिका कुठे ठेवायची हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. माळीवाड्याला. आई अजून 'नगर'च म्हणते, आणि देवाचं नाव काढलं की 'माळीवाडा' म्हणते. तिच्या लेखी दोन्ही एकच पत्ता.

तर संकष्टीला सकाळी मी तिला रिक्षाने घेऊन गेलो. तिला गर्दी सोसेल का, अशी धाकधूक होतीच. मंदिराच्या बाहेर हारवाल्यांच्या टोपल्या, जास्वंदी, दुर्वांच्या जुड्या. एक रिक्षावाला दुसऱ्याशी भांडत होता. स्टँडकडे जाणाऱ्या एसटीचा हॉर्न, वर कुठेतरी स्पीकर, खाली ओली फरशी. आईने माझा दंड घट्ट धरला. तिला भीती वाटली की ती असंच धरते.

तुमच्यापैकी बरेच जण मला लिहितात की शहरातल्या देवळात मन लागत नाही, नुसता गोंगाट असतो, दहा सेकंदांत पुढे ढकलतात, त्यापेक्षा घरी शांतपणे ध्यान बरं. मलाही तसंच वाटायचं. पण त्या दिवशी मला दिशांची यादी आठवली. मागून, पुढून, डावी-उजवीकडून, वरून, खालून. ही प्रार्थना शांतता मागतच नाही. सहाही बाजूंनी काहीतरी अंगावर येत असणार हे तिने धरूनच ठेवलंय. ती म्हणते, ते सगळं असू दे, फक्त त्यात मला सांभाळ. माळीवाड्यात हे समजायला फार अभ्यास लागत नाही. रांगेत उभं राहिलं की पुरे.

रांग सरकली, आणि माणसांच्या डोक्यांवरून मूर्ती दिसायला लागली. एवढ्या उंच मूर्तीचा हा फायदा. शेवटच्या माणसालाही दर्शन सुरू झालेलं असतं. आईने मान वर केली. दंडावरची पकड सैल झाली आणि तिने मोठ्या, स्वच्छ आवाजात अथर्वशीर्ष सुरू केलं.

एक अक्षर चुकलं नाही. ऋत, सत्य, सगळं बरोबर. मग 'अव' सुरू झाले. मला, वक्त्याला, श्रोत्याला... आणि ती परत वक्त्यावर गेली. पुन्हा श्रोत्यापर्यंत आली, पुन्हा मागे. सारखेच शब्द, सारखीच चाल. तिला बाहेर पडायची वाट सापडेना. आमच्या भाषेत सांगायचं तर लूपमध्ये अडकली. चार वेळा, पाच वेळा. मागच्या बाईंनी मला हळूच खूण केली, पुढे चला.

माझ्या तोंडावर आलं होतं, "आई, ते झालं, पुढचं म्हण." रोज घरी मी हेच करतो. आई, ते झालं. आई, हे आत्ताच विचारलंस. आई, तो डबा तिथे नाही. दिवसभर मी तिचं डिबगिंग करत असतो. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं की तिला स्वतःलाही कळलंय, आपण अडकलोय. आवाज हळूहळू खाली चालला होता.

मी काही सांगितलं नाही. नुसता तिच्याबरोबर म्हणायला लागलो. वक्ता, श्रोता, असं तिच्या चालीत एक फेरी तिच्याबरोबर केली, आणि श्रोत्यानंतर मी फक्त पुढे गेलो. दाता. ती लगेच आली. धाता. अनूचान, शिष्य. मग दिशा. मागच्या बाईही आमच्यात सामील झाल्या. आम्ही देवासमोर पोचलो तेव्हा चोहोबाजूंनी सांभाळ, हे चालू होतं. दर्शन झालं दहाच सेकंदांचं, नेहमीसारखं.

प्रसादाचा नारळ घेऊन बाहेर कट्ट्यावर बसलो तेव्हा आईने विचारलं, "हे कुठं राहिले रे? आले नाहीत आपल्याबरोबर?"

दुपारचे चार वाजले नव्हते. माझी काहीच तयारी नव्हती. खरं की खोटं, हे ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "बाबांची आठवण येतेय का गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. ते आले की आधी दुर्वा घ्यायचे. एकवीस मोजून घ्यायचे. हारवाल्याशी हुज्जत घालायचे." आणि हसली. मग पंधरा मिनिटं ती बाबांबद्दल बोलत होती. लग्नानंतर पहिल्यांदा ते तिला इथेच घेऊन आले होते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. ते कुठे आहेत, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

चिंतन

त्या पंधरा मिनिटांत मी एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. आणि तिला रडवलंही नव्हतं. घरी आल्यावर मी पुन्हा पाठ उघडला आणि जुन्या प्रश्नाकडे पाहिलं, ऐकणाऱ्याला कसला धोका?

ऐकणाऱ्याला धोका हा की तो ऐकणं सोडून देईल. मी सोडलंच होतं. 'हे कुठं गेलेत' हा प्रश्न मी माहिती विचारल्यासारखा घेत होतो आणि बरोबर उत्तर कोणतं, चुकीचं कोणतं, याच्यात गुंतलो होतो. आई माहिती विचारत नव्हती. तिला करमत नव्हतं. ते ऐकू यायला मला तीन महिने लागले.

ऋत आणि सत्य असे दोन वेगळे शब्द तिथे का आहेत, तेही थोडं उमगलं. सत्य म्हणजे जे आहे ते, तसं. ऋत हा वेदांतला जुना शब्द आहे. सूर्य वेळेवर उगवतो, पाऊस येतो, विश्व ज्या रीतीने नीट चालतं ती रीत म्हणजे ऋत. मी पहिल्या दिवशी जे बोललो ते सत्य होतं, पण त्याला वेळ-काळ, समोरचं माणूस, कशाचंच भान नव्हतं. आणि 'बँकेत गेलेत' यात तर दोन्ही नव्हतं. खोटं बोलायला ही सूट आहे, असा अर्थ कृपया काढू नका. उलट हे जास्त कठीण आहे. खरंही असलं पाहिजे आणि जागेवरही बसलं पाहिजे, असं वाक्य ऐकल्याशिवाय सापडत नाही.

आमच्याच जिल्ह्यात, नगरपासून साठेक किलोमीटरवर नेवासे आहे. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. सांगितली, हा शब्द महत्त्वाचा. समोर श्रोते होते आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा होते. त्या ग्रंथाची सुरुवातही गणेशवंदनाने होते. सगळं वाङ्मय हीच गणपतीची मूर्ती, असं रूपक माउलींनी तिथे मांडलंय. अथर्वशीर्षातही गणपतीला वाङ्मय म्हटलंय. आणि नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला माउली श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. तुम्ही लक्ष द्या, मग सगळं सुख तुमचंच, असा त्याचा भाव. लेकरू बोबडं बोललं तरी आईबापांना त्याचं कौतुकच असतं, तसं माझं बोलणं गोड करून घ्या, अशी विनवणीही ज्ञानेश्वरीत आहे.

ते वाचताना मी नेहमी स्वतःला लेकराच्या जागी ठेवायचो. आता आमच्या घरात बोबडं आई बोलते. तिसरीत माझे अडखळलेले शब्द जिने ऐकून घेतले, तिचे ऐकून घेणारा आता मी. वक्ता आणि श्रोता यांची जागा बदलली. आणि तिच्या हातून जे निसटतंय ते जपून ठेवणारा, म्हणजे धाता, तोही मीच व्हायचं आहे. लग्नानंतरचं पहिलं दर्शन, एकवीस दुर्वा मोजण्याची बाबांची सवय, हे आता माझ्याकडे ठेवायला आलंय. प्रार्थनेतली सात माणसं मी सात वेगळी माणसं समजत होतो. एकाच घरात, एकाच माणसावर ती सगळी नावं पाळीपाळीने येतात.

सगळं सोपं झालं असं नाही. कालही चार वाजता प्रश्न आला. मी "आठवण येतेय का" म्हटलं, आणि ती चिडली, "आठवण कसली, कुठं गेलेत ते सांग!" मग मी काहीच बोललो नाही, शेजारी जाऊन बसलो. थोड्या वेळाने तिने स्वतःच अथर्वशीर्ष सुरू केलं. 'अव'वर आली तेव्हा मी तयार होतो.

आज करून पाहा

१. आज अथर्वशीर्ष म्हणताना तेरा 'अव' सावकाश म्हणा. पहिल्या सातांत प्रत्येक वेळी एक चेहरा डोळ्यांसमोर आणा. तुम्हाला शिकवणारं कोण, ऐकून घेणारं कोण, तुमच्यासाठी जपून ठेवणारं कोण?

२. घरातलं एखादं माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगत असेल, तर आज एकदा तरी "हे सांगितलंस" म्हणू नका. शेवटपर्यंत ऐका आणि तिच्यातलं एक काहीतरी नव्याने विचारा.

३. जवळच्या गजबजलेल्या देवळात एकदा जा. हेडफोन काढून रांगेत उभे राहा. सहाही दिशांचे आवाज येऊ द्या आणि मनात एवढंच म्हणा, यात मला सांभाळ. आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर न्या.

हे गणराया, बोलणाऱ्याला सांभाळ. त्याचे शब्द अडखळले तर त्याला लाज वाटू देऊ नकोस. ऐकणाऱ्याला सांभाळ. त्याचा कान थकू देऊ नकोस. आणि माझ्या आईला मागून, पुढून, वरून, खालून, चोहोबाजूंनी सांभाळ.

उद्या पुढचा भाग घेऊ.

॥ श्रीगणेशार्पणमस्तु ॥